सावलीत काय होतं? जुन्या वास्तू, कृष्णधवल छायाचित्रं आणि पुराव्याचा प्रश्न

संयोजकांनी विषय दिला तो असा, की ऐतिहासिक वास्तूंचं कृष्णधवल छायाचित्र काढताना रचना कशी करावी. मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि सुट्ट्यांमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवून देवळं, वाडे, किल्ले पाहत हिंडलो. त्यामुळे अमुक भिंग वापरा, तमुक आकडा लावा, असं मी सांगणार नाही. रचना म्हणजे नेमकं काय ठरवणं असतं, आणि त्या ठरवण्याचे इतिहासावर काय परिणाम होतात, याबद्दल बोलणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

माझ्या आजोळच्या गावी नदीकाठी महादेवाचं एक जुनं देऊळ आहे. काळा दगड, चुन्याशिवाय रचलेले चिरे, आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो तसं. सभामंडपाच्या उजव्या खांबावर चार ओळींचा एक शिलालेख होता. अक्षरं झिजलेली. लहानपणी आम्ही मुलं त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. वाचता कोणालाच यायचं नाही. 1974 साली मी नवीन नोकरीच्या पगारातून दोन भिंगांचा एक जुना कॅमेरा घेतला आणि पहिल्यांदा गेलो तो त्याच देवळात. एका रोलवर बारा फोटो. म्हणजे प्रत्येक फोटो काढताना दहादा विचार करायचा. दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरपं झालं, डाव्या खांबावरचं कोरीवकाम उजळून निघालं आणि उजवा खांब पूर्ण काळोखात गेला. मला ते फार आवडलं. अर्धी चौकट प्रकाशाची, अर्धी अंधाराची. डार्करूममध्ये छपाई करणारे गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, ही बाजू जरा उघडू का?’’ मी म्हटलं, ‘‘नको, उलट अजून काळी करा.’’ तो फोटो महाविद्यालयाच्या प्रदर्शनात लागला, लोकांनी वाहवा केली. पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या बैठकीच्या खोलीत होता.

वीस-बावीस वर्षांनी देवळाचा जीर्णोद्धार झाला. सगळं भक्तीपोटीच झालं, मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. खांब टाकीने खरवडले, वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. लेख गेला. त्यानंतर एक तरुण संशोधक माझ्याकडे आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की सरांकडे जुना फोटो आहे. मी मोठ्या उत्साहाने निगेटिव्ह शोधून काढली, खिडकीच्या उजेडासमोर धरली, भिंगातून पाहिली. आता निगेटिव्हमध्ये उलटं असतं. जिथे प्रकाश पडला ते काळं, जिथे सावली ते पारदर्शक. उजव्या खांबाच्या जागी फिल्म इतकी कोरी होती, की तिच्यातून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. चार ओळींचं एक अक्षरसुद्धा तिथे नव्हतं. तो मुलगा सभ्य होता. ‘‘असू दे सर, फोटो सुंदर आहे,’’ असं म्हणून गेला.

आजचा सगळा विषय या प्रसंगातून निघतो. तो फोटो खोटा होता का? नाही. तिथे जे होतं तेच त्यात आहे. मग तो खरा होता का? इथे मात्र आपल्याला थोडं शास्त्रात शिरावं लागेल.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. छायाचित्राला आपण सगळे बिनदिक्कत प्रत्यक्षात घालतो. ‘‘फोटोच आहे की, अजून काय पुरावा पाहिजे?’’ माझं म्हणणं असं आहे, की वास्तूचं छायाचित्र हे बव्हंशी शब्दप्रमाण आहे. म्हणजे कोणाची तरी साक्ष. कोणीतरी एका ठिकाणी उभं राहिलं, एक वेळ निवडली, एक चौकट आखली, आणि आपल्याला सांगितलं, की वास्तू अशी होती. शब्द केव्हा प्रमाण होतो? सांगणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्याला वस्तू नीट माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा आहे. तेव्हा छायाचित्रातली रचना म्हणजे साक्षीदाराचं बोलणं. ते सुंदर असू शकतं, पण त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

आता इतिहासाकडे येऊ. छायाचित्रणाचा आणि प्राचीन वास्तूंचा संबंध अगदी जन्मापासूनचा आहे. 1839 मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा फ्रान्स्वा अरागो या खगोलशास्त्रज्ञाने त्याचा उपयोग सांगताना इजिप्तच्या स्मारकांचं उदाहरण दिलं. तिथल्या भिंतींवरची असंख्य चित्राक्षरं हाताने उतरवून घ्यायला चित्रकारांची फौज आणि कित्येक वर्षं लागतील, या यंत्राने ते काम एकटा माणूस करील, असा त्याचा मुद्दा होता. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी छायाचित्राकडून अपेक्षा कसली? कोरीव अक्षरं वाचता येण्याची. आणि मी नेमकं तेच घालवलं.

पण दागेरच्याच एका प्रसिद्ध चित्रात एक गंमत आहे. 1838 सालचं, पॅरिसमधल्या बूलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात चिटपाखरू नाही. कारण चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागायची आणि चालता माणूस, धावती गाडी काही उमटायची नाही. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस दिसतो. तो बूट पुसून घ्यायला थांबला होता, म्हणून उमटला. त्याच्यापाशी बूट पुसणारा, तोही पुसट.

इथे कुमारिल भट्टांची आठवण होते. मीमांसेतल्या भाट्ट संप्रदायाने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. एखादी गोष्ट नाही, हे ज्ञान कसं होतं? ती दिसत नाही यावरून. पण त्यात एक अट आहे. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या देवळांच्या, मशिदींच्या, घाटांच्या छायाचित्रांत माणसं फार कमी दिसतात. ती पाहून वाटतं, सगळं ओसाड पडलं होतं, कोणी विचारणारं नव्हतं. असेलही काही ठिकाणी. पण नुसत्या फोटोवरून तसं म्हणता येणार नाही. सकाळी पूजा करून गेलेला गुरव, प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका, या साऱ्या त्या संथ कागदावर उमटण्याच्या योग्यतेच्याच नव्हत्या. जो उमटला तो बहुधा छायाचित्रकाराने खांबाशेजारी उभा केलेला एखादा माणूस, खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचं नाव सहसा कोणी लिहून ठेवलं नाही. मोजपट्टी म्हणून उभा राहिला आणि राहिला.

सरकारी पातळीवर वास्तूंची छायाचित्रं पद्धतशीर काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये 1851 साली झाला. ऐतिहासिक स्मारकांच्या आयोगाने पाच छायाचित्रकार निवडले. बाल्द्यू, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. प्रत्येकाला प्रांत वाटून दिले. कुठल्या वास्तूची दुरुस्ती आधी करायची हे ठरवायला चित्रं हवी होती. यातल्या बाल्द्यूची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आर्ल गावात सेंट त्रोफीमच्या मठात खांबांची एक कमानदार पडवी आहे. जागा अरुंद, मागे सरकायला वाव नाही. आतून अंधार, बाहेर लख्ख ऊन. एका निगेटिव्हमध्ये दोन्ही येईना. बाल्द्यूने काय केलं? भागाभागाच्या सुमारे दहा निगेटिव्ह काढल्या, दगडांच्या कडांवरून त्या कापल्या, जोडल्या, जिथे सांधे दिसत होते तिथे हाताने रंग भरला. आणि एक अखंड चित्र तयार केलं.

आता याला काय म्हणायचं? फसवणूक? एका जागी, एका क्षणी असं दृश्य कॅमेऱ्याला कधीच दिसलं नव्हतं. पण त्या पडवीत उभा असलेला माणूस डोळे फिरवत जे पाहतो, ते मात्र बरंचसं तसंच. आपला डोळा अंधाराला सरावतो, उजेडाकडे वळला की आकसतो, आणि मन या सगळ्याची एक जोडणी करतं. तेव्हा बाल्द्यू आप्त होता असं मी म्हणेन. वस्तू जशी आहे तशी सांगायची हीच त्याची धडपड होती. गंमत म्हणजे इतकं करून आयोगाने ती चित्रं प्रसिद्ध केलीच नाहीत. दप्तरात ठेवून दिली.

चार वर्षांनी, 1855 मध्ये, इकडे मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागातल्या वास्तूंची छायाचित्रं काढायला नेमलं. पण मला आज सविस्तर बोलायचं आहे ते मद्रासकडच्या लिनियस ट्राइप या अधिकाऱ्याबद्दल. एक तर त्याच्या कामात रचनेच्या दोन्ही बाजू दिसतात, आणि दुसरं म्हणजे तो जिथे गेला ते तंजावर आपल्या फार जवळचं आहे.

ट्राइप कंपनीच्या मद्रास फौजेत होता. 1854 च्या अखेरीस त्याने हळेबीड आणि बेलूरची देवळं टिपली, पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाला गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर गेला, आणि मग मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. 1858 साली तो तंजावरला पोचला. व्यंकोजीराजांनी सुरू केलेलं तिथलं भोसल्यांचं राज्य तीनच वर्षांपूर्वी, 1855 मध्ये, दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारल्यावर कंपनीने खालसा केलं होतं. गाव तेच, देऊळ तेच, धनी बदललेला. ही पार्श्वभूमी त्या चित्रांत कुठेच दिसत नाही. ती आपण बाहेरून आणायची असते.

ट्राइप मेणकागदाच्या निगेटिव्ह वापरायचा. कागद मेणात भिजवला की पारदर्शक होतो आणि आधी तयार करून ठेवता येतो, म्हणून आपल्या हवेत आणि प्रवासात सोयीचा. पण त्या काळच्या सगळ्याच रसायनांना एक खोड होती. त्यांना निळा रंग फार लवकर लागायचा. देवळाचा दगड नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरंफटक होऊन जायचं. म्हणून जुन्या चित्रांत आकाश म्हणजे कोरा कागद. ट्राइपला ते खटकायचं. मग तो काही निगेटिव्हवर हाताने रंगकाम करून ढग काढायचा. झाडांची पानंही सुधारायचा. म्हणजे त्या चित्रांत शिखरावर जे ढग दिसतात, ते त्या दिवशी तिथे होतेच असं नाही. ते ट्राइपच्या कुंचल्यातले.

पण याच माणसाने तंजावरला आणखी एक काम केलं. बृहदीश्वराच्या विमानाच्या, म्हणजे मुख्य शिखराच्या, जोत्यावर चोळांचे तमिळ शिलालेख आहेत. राजराज चोळाने हे देऊळ इसवी सन 1010 च्या सुमाराला पुरं केलं. कोणी काय दान दिलं, किती सोनं, किती दिवे, याची नोंद दगडावर. याच देवळाच्या लेखांत चारशे देवळाच्या सेविकांची नावं आहेत, आणि प्रत्येकीचं घर कुठल्या गल्लीत कितवं, तेही आहे. हजार वर्षांपूर्वीचे पत्ते! ट्राइप हे लेख टिपायला कॅमेरा घेऊन जोत्याच्या कडेकडेने सरकत गेला. 21 चित्रं काढली, शेजारी शेजारी जोडली. सुमारे 19 फूट लांबीची पट्टी झाली. तिच्यात ढग नाहीत, शिखर नाही, नाट्यमय सावली नाही. 200 फुटांच्या शिखराकडे पाठ फिरवल्यासारखं करून हा माणूस जोत्याची दगडी पट्टी टिपत बसला.

मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कामात हीच रचना सर्वांत धाडसी आहे. आपण रचना म्हणतो तेव्हा एका चौकटीतला तोल डोळ्यांसमोर असतो. ट्राइपने वस्तूकडे पाहून चौकटच बदलली. लेख लांब आहे ना, मग चित्रही लांब. वस्तूला काय सांगायचं आहे ते आधी ऐकलं आणि मग कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवलं. पुढे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन आले, त्यांना हा छायाचित्रण विभाग म्हणजे न परवडणारी चैन वाटली आणि 1860 पर्यंत तो बंद झाला. ट्राइपने त्यानंतर फारसं काही काढलं नाही.

जाता जाता, त्याच देवळाच्या आवारात एक मोठा मराठी शिलालेखही आहे. 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर कोरून घेतला. तंजावरला गेलात तर शिखराचा फोटो काढाच, पण त्या भिंतीसमोरही थोडं थांबा.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस सौंदर्याच्या विरोधात आहे. फ्रेडरिक इव्हान्स हा लंडनचा पुस्तकविक्रेता. 1898 मध्ये दुकानातून निवृत्त झाला आणि चर्चच्या भव्य वास्तूंचे फोटो काढू लागला. त्याचं 1903 सालचं वेल्स कॅथीड्रलमधल्या जिन्याचं चित्र फार नावाजलेलं आहे. शतकानुशतकं पावलांनी झिजलेल्या दगडी पायऱ्या, एकीवर एक अशा उसळत वर जातात, की बघणाऱ्याला समुद्राच्या लाटा आठवतात. त्याने नावही तसंच दिलं, पायऱ्यांचा समुद्र. हा माणूस एकेका कॅथीड्रलमध्ये दिवसच्या दिवस राहायचा, कुठल्या वेळी कुठल्या खिडकीतून उजेड कुठे पडतो ते पाहायचा. त्याला वास्तूची नकाशावजा नोंद नको होती, तिथे उभं राहिल्यावर मनाचं काय होतं ते हवं होतं. छपाई प्लॅटिनमच्या कागदावर, कारण त्यात करड्याच्या अगदी हलक्या छटाही वेगळ्या राहतात. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम भयंकर महागलं, तेव्हा त्याने जवळजवळ कामच सोडलं.

इव्हान्सच्या सावल्या पाहा. त्या माझ्या सावलीसारख्या मेलेल्या नाहीत. काळोखाच्या आतही दगड दिसतो, सांधा दिसतो. माझ्या चुकीचं मूळ मला तिथे सापडलं. मला वाटत होतं सौंदर्य आणि पुरावा यांतलं एक निवडावं लागतं. प्रत्यक्षात मी सौंदर्यही निवडलं नव्हतं. मी सोय निवडली होती. काळा रंग ओतला की चौकट आपोआप जोरकस दिसते. खांबाकडे बघावं लागत नाही.

यातून हातात काय घ्यायचं? चार गोष्टी सांगतो.

पहिली, उभ्या रेषा. कॅमेरा वर कलवला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. डोळ्याने पाहताना त्या झुकलेल्या वाटत नाहीत, कारण मन दुरुस्ती करतं. जुने लोक कॅमेरा सरळ ठेवून नुसतं भिंग वर सरकवायचे. आपल्याकडे ती सोय नसेल तर मागे जा, समोरच्या घराच्या माडीवर परवानगी मागून जा. चहा मिळतो, शिवाय वास्तूची माहितीही मिळते.

दुसरी, उजेडाची वेळ. दगडावरचं कोरीवकाम आणि अक्षरं समोरच्या उजेडात सपाट होतात. ऊन भिंतीला घासून जात असेल तेव्हा खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. म्हणजे सावली ही शत्रू नाही. खाचेतली सावली वाचायला मदत करते, खांबभर पसरलेली सावली खांब गिळते. एखाद्या भिंतीवर ऊन कधी येतं हे तिथल्या पुजाऱ्याला, नाहीतर पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा.

तिसरी, माप आणि माणूस. चौकटीत काहीतरी ओळखीच्या उंचीचं असू द्या. माणूस उभा केलात, तर त्याचं नाव विचारा आणि फोटोमागे लिहा.

चौथी गोष्ट रंगाची. कृष्णधवल चित्र रंग काढून टाकतं, त्यामुळे आकार, पोत, उजेड हे पुढे येतात. दगडाला ते मानवतं. पण भिंतीवर रंगचित्र असेल, जुन्या वाड्याच्या लाकडावर मूळ रंगाचे अवशेष असतील, तर तिथे कृष्णधवल अपुरं आहे. शेजारी रंगीत फोटो काढून ठेवायचा. आता काही रोल संपायची भीती नाही.

आणि शेवटी, प्रत्येक जागी दोन फोटो काढा. एक तुमच्यासाठी, हवा तेवढा देखणा. दुसरा अशा माणसासाठी, जो वीस वर्षांनी तुमच्या दारात येईल आणि विचारील, ‘‘त्या कोपऱ्यात काय होतं?’’ तो कोण असेल, काय शोधत असेल, आपल्याला माहीत नाही. म्हणून तो दुसरा फोटो काढताना चौकटीतल्या सर्वांत काळ्या जागेकडे आधी बघायचं. चालत जायचं तिथपर्यंत, हात लावायचा, काय आहे ते पाहून परत यायचं, आणि मग ठरवायचं.

मागच्या वर्षी मी आजोळी गेलो होतो. देवळात आरती चालू होती, गर्दी होती, देऊळ चांगलं जागतं आहे. उजव्या खांबावर हात ठेवला. गुळगुळीत ऑइलपेंट. त्याच्याखाली टाकीच्या घावांतून एखादं अक्षर उरलं असेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. घरी आल्यावर बैठकीतला तो फोटो मी काढून ठेवला नाही. तिथेच आहे. फक्त त्याखाली एक चिठ्ठी लावली आहे, की उजवीकडच्या अंधारात चार ओळींचा शिलालेख होता. पाहुणे विचारतात, मग मी त्यांना ही हकिगत सांगतो.

तुमच्या कपाटांत असे जुने फोटो असतील. आज रात्री एकदा काढून पाहा. पाठीमागे जागा, साल, आणि चौकटीबाहेर काय राहिलं, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा.